मुलीला ‘आईस’ने उचललं तर? पहिल्या रात्रीबद्दल थोडं सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर लगेच कळेल. मुलगी बॉस्टनजवळ एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पीएच.डी. करतेय. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये गाझाच्या प्रश्नावर कॅम्पसवर तंबू पडले, तेव्हा ती संध्याकाळी तिथे जाऊन बसायची. एका निवेदनावर तिची सही आहे, एका फोटोत चेहरा स्पष्ट दिसतो. अटक किंवा समन्स काही नाही. आता तुम्ही नाशिकमध्ये रात्री दोन-दोनपर्यंत बातम्या बघत बसता आणि विचारता: ‘आईस’, म्हणजे इमिग्रेशनचे कायदे राबवणारं अमेरिकी सरकारी खातं, तिला पकडेल का? जुन्या पोस्ट काढून टाकायला सांगू का? डिसेंबरात भावाच्या लग्नाला तिने यावं का? आणि पकडलंच, तर आम्ही इथून काय करायचं?

पहिल्या प्रश्नाला ठाम उत्तर देणारा वकील भेटला तर त्याला फी देऊ नका. २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते. निव्वळ बोलण्या-लिहिण्यावरून ज्यांना कोठडीत टाकलं, त्यांची नावं सगळ्या देशांची मिळूनही आम्हा वकिलांना जवळजवळ पाठ आहेत, इतकी ती थोडी आहेत. म्हणजे शक्यता कमीच. पण त्यातल्या एकीचा ‘गुन्हा’ म्हणाल तर तिघांबरोबर मिळून विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात लिहिलेला एक लेख. तेव्हा ‘आमची मुलगी काही पुढे पुढे करत नव्हती’ यावर विसंबून राहण्यातही अर्थ नाही. मी तुमचा प्रश्न थोडा फिरवते. पकडलं तर पुढच्या चार-पाच तासांत ते कोणाला कळेल, आणि कोणत्या कोर्टात कोण कागद टाकेल? पुढचे दोन महिने कसे जातील ते बरंचसं इथेच ठरतं.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. मूळची सांगलीची, न्यू जर्सीत अठरा वर्षं इमिग्रेशनची वकिली करते. रोजचं काम एच-१बी, ग्रीन कार्ड, आई-वडिलांचे व्हिसे. कोठडीतली प्रकरणं अधूनमधून. खाली लिहिलंय त्यातलं बरंच राज्य कोणतं, व्हिसा कधी संपतो, जुन्या अर्जांत काय लिहिलंय यावर बदलतं. मुलीचे कागद मी पाहिलेले नाहीत. ते पाहणारा वकील वेगळं काही म्हणाला तर त्याचं ऐका.

आधी एक गुंता सोडवू, कारण भीती निम्मी त्यातूनच येते. व्हिसा, स्टेटस, कोठडी आणि हद्दपारी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा म्हणजे पासपोर्टवरचा तो चिकटवलेला कागद. तो दारातून आत येण्यापुरता. आत आल्यावर विद्यार्थी म्हणून राहण्याचा हक्क म्हणजे स्टेटस, आणि त्याची नोंद ‘सेव्हिस’ या सरकारी प्रणालीत असते. व्हिसाची तारीख उलटली तरी स्टेटस चालू राहू शकतं. हजारो मुलं तशीच राहतात. मात्र सरकारने व्हिसा रद्द केला तर कायदा त्यांना हद्दपारीचा खटला सुरू करायला एक कारण देतो. खटला सुरू झाला की कोठडीत ठेवायचं की बाहेर, हा आणखी वेगळा निर्णय. आणि हद्दपारी हे या सगळ्याच्या शेवटचं टोक. तिथपर्यंत तारखा, अपील, बरंच काही असतं. ‘व्हिसा रद्द’ अशी ईमेल आली की घरच्यांना वाटतं, उद्या विमानात बसवणार. तसं नसतं.

आणखी एक. यात फौजदारी गुन्हा नसतो. मुलीने काय गुन्हा केला, असं नातेवाईक विचारत राहतात आणि आई-वडील शरमेने गप्प बसतात. हा दिवाणी स्वरूपाचा खटला आहे, म्हणूनच सरकारी खर्चाने वकीलही मिळत नाही. आणि ज्या ‘कोर्टात’ तो चालतो तिथले न्यायाधीश न्याय खात्याचे नोकर असतात, स्वतंत्र न्यायपालिकेचे नव्हेत. खऱ्या अर्थाने स्वतंत्र न्यायाधीशासमोर जायचं तर फेडरल जिल्हा न्यायालयात हेबिअस कॉर्पसची याचिका टाकावी लागते: या व्यक्तीला कोणत्या अधिकाराने डांबलंय ते सांगा. आपल्याकडेही ती आहे, कॉलेजात नागरिकशास्त्रात वाचलेली असते. तिचा एक नियम मात्र वर्गात कोणी शिकवत नाही. साधारणपणे ती जिथे माणूस त्या क्षणी कोठडीत आहे तिथल्याच न्यायालयात टाकावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये पडिया प्रकरणात हे सांगितलं आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा अधोरेखित केलं.

आता हा नियम मनात ठेवून २५ मार्च २०२५ ची संध्याकाळ बघा. टफ्ट्‌स विद्यापीठात पीएच.डी. करणारी तुर्की विद्यार्थिनी रुमेसा ओझतुर्क (वर सांगितलेला लेख हिचाच) मॅसॅच्युसेट्‌समधल्या सोमरव्हिलला घरातून इफ्तारसाठी निघाली. साध्या कपड्यांतल्या, तोंड झाकलेल्या अधिकाऱ्यांनी तिला रस्त्यात धरलं. तिचा व्हिसा चार दिवस आधीच रद्द झाला होता आणि तिला ते मुद्दाम कळवलं नव्हतं. सरकारी टिपणात त्याला ‘सायलेंट’ असं म्हटलं होतं. तिला आधी न्यू हॅम्पशायर, मग रात्रीच व्हरमाँट आणि पहाटे विमानाने लुइझियाना. वकिलाने रात्री दहाच्या सुमारास बॉस्टनच्या न्यायालयात याचिका टाकली, पण तोवर ती मॅसॅच्युसेट्‌सची हद्द ओलांडून गेली होती, आणि ती कुठे आहे हे जवळजवळ चोवीस तास वकिलांना कळलं नाही. ती याचिका टिकली कशी? बॉस्टनच्या न्यायाधीशांनी ती फेकून न देता व्हरमाँटला पाठवली, कारण दाखल होण्याच्या घडीला मुलगी व्हरमाँटमध्ये होती. याचिका दुसऱ्या दिवशी सकाळी टाकली असती तर प्रकरण लुइझियानात गेलं असतं. व्हरमाँटच्या न्यायाधीशांनी ९ मे रोजी तिला सोडलं. ४५ दिवस.

त्याच्या तीन आठवड्यांनंतर, १४ एप्रिलला, कोलंबिया विद्यापीठाचा निदर्शक विद्यार्थी मोहसिन महदावी व्हरमाँटमध्येच नागरिकत्वाच्या मुलाखतीला गेला. मुलाखतीचं बोलावणं हा सापळा असू शकतो असा त्याला संशय होता, म्हणून त्याने वकिलांना आणि लोकप्रतिनिधींना आधीच सांगून ठेवलं होतं. याचिका तयार होती. त्याला धरलं त्याच दिवशी न्यायाधीशांचा हुकूम निघाला की याला राज्याबाहेर नेऊ नका. तो व्हरमाँटमध्येच राहिला आणि ३० एप्रिलला बाहेर आला. १६ दिवस. दोघांच्या बाजूने युक्तिवाद साधारण तोच, जज्जही काही प्रमाणात तेच. फरक तयारीचा. (त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं, तिच्याकडे विद्यार्थी व्हिसा, हा फरक आहेच. पण ग्रीन कार्ड असलेला कोलंबियाचाच महमूद खलील १०४ दिवस आत होता आणि त्याचा मुलगा त्या दरम्यान जन्मला. तेव्हा केवळ कार्डाने हा हिशेब लागत नाही.)

लुइझियाना का, असं तुम्ही विचाराल. जेना आणि बसील या दोन छोट्या गावांत मोठी कोठडी केंद्रं आहेत. जागा आहे हे एक कारण सरकार देतं. वकिलाच्या दृष्टीने बघितलं तर तिथून बॉस्टन-न्यूयॉर्कचे वकील लांब, साक्षीदार लांब, आणि तिथलं अपील न्यायालय, म्हणजे पाचवं सर्किट, अशा प्रकरणांत सरकारच्या बाजूला झुकणारं मानलं जातं. ओझतुर्कला तिथल्या इमिग्रेशन न्यायाधीशाने जामीन नाकारला होता. ती सुटली ती व्हरमाँटच्या फेडरल न्यायालयामुळे.

आता माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे तुम्हाला हे पुस्तकी वाटणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मराठी घरातून रात्री अकराला फोन आला. मुलाला दुपारी नेलं होतं. विषय निदर्शनांचा नव्हता, जुन्या एका प्रकरणाचा होता. घरचे म्हणाले, आम्हाला वाटलं चौकशी करून सोडतील, म्हणून थांबलो. मी म्हटलं, ठीक आहे, सकाळी नऊला ऑफिस उघडलं की आधी हेच बघते. सकाळी साडेनऊला कळलं की मुलगा पहाटेच्या विमानाने टेक्सासला गेला. पुढे सात आठवडे मी एका अशा वकिलाच्या मागे फोन करत होते ज्याला मी कधी भेटले नव्हते, अशा न्यायालयासाठी जिथे मला उभं राहता येत नव्हतं. मुलगा सुटला, पण त्या रात्री मी दोन तास जागून बसले असते तर बहुधा तो न्यू जर्सीतच राहिला असता. तेव्हापासून माझ्या संगणकावर अशा याचिकेचा कोरा मसुदा असतो. नाव, ठिकाण, वेळ भरायची आणि टाकायची.

तर मुलीने आज, शांत डोक्याने काय करून ठेवावं?

वकील गाठावा, आणि योग्य प्रकारचा. इथे आपले लोक हमखास चुकतात. चुलतभावाचा एच-१बी ज्याने केला तो वकील चांगला असेल, पण त्याने आयुष्यात फेडरल न्यायालयात हेबिअस टाकलेली नसेल. थेट विचारायचं: तुम्ही रात्री दहाला हेबिअस टाकू शकता का? नसेल तर कोण टाकेल? वकीलपत्राचा फॉर्म, तो जी-२८, सही करून त्याच्याकडे ठेवायचा, कारण आत गेल्यावर सही मिळवायलाच दोन दिवस जातात. विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय विभाग कितीही प्रेमळ असला तरी तो तिचा वकील नाही. सेव्हिसमध्ये सरकारला कळवणं हे त्यांचं कामच आहे. विद्यापीठाचे वकील विद्यापीठाचे असतात. त्यांच्याशी सौजन्याने वागावं, पण आपली सगळी कहाणी त्यांना सांगू नये.

एक माणूस ठरवावा. रूममेट, लॅबमधली मैत्रीण, गावातला कोणी काका, पण अमेरिकेत असणारा आणि शक्यतो नागरिक. तिच्या नावाने याचिकेवर सही करायची वेळ आली तर कायदा दुसऱ्या व्यक्तीला ती करू देतो. या माणसाचा आणि वकिलाचा फोन नंबर तिला तोंडपाठ हवा. हे हसण्यावारी नेऊ नका. आजच्या पोरांना आईचाही नंबर पाठ नसतो, आणि फोन सगळ्यात आधी काढून घेतात. दिवसातून दोनदा ‘पोचले’ एवढाच मेसेज त्या माणसाला. तो आला नाही तर त्याने कोणाला फोन करायचा ते ठरलेलं. एवढी साधी व्यवस्था असती तर माझ्या त्या प्रकरणात आठ तास वाचले असते.

तिने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अधिकारी घराच्या दाराशी आले तर दार न उघडता कागद दाखवायला सांगायचं. न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट वेगळं, आणि आईसच्या अधिकाऱ्यानेच सही केलेलं आय-२०० वेगळं; दुसऱ्याच्या जोरावर ते तिच्या संमतीशिवाय घरात शिरू शकत नाहीत. रस्त्यावर मात्र हा बचाव नाही, ओझतुर्क रस्त्यावरच होती. पळायचं नाही, झटापट नाही, खोटं बोलायचं नाही. खोटं बोलणं गप्प राहण्यापेक्षा कितीतरी वाईट. ‘मला वकिलाशी बोलायचंय, तोवर मी काही बोलणार नाही’ हे वाक्य तिने मोठ्याने म्हणून सराव करावा. भीती वाटली की आपली मुलं सवयीने ‘येस सर’ म्हणून सगळं सांगून मोकळी होतात. आणि कशावरही सही नाही. स्वखुशीने देश सोडतेय, असा कागद पुढे येतो, तो अगदी सभ्य शब्दांत असतो, आणि त्यावर सही झाली की माझ्यासारखीच्या हातात फार थोडं उरतं. कोठडीतल्या फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं, तेव्हा तिथून तुम्हाला फोन आला तर जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच विचारा.

कागदांबद्दल जरा सावकाश सांगते, कारण लोक याला किरकोळ समजतात. खलीलवर पहिला आरोप होता परराष्ट्र धोरणाचा. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात नंतर घातलेलं एक कलम आहे. एखाद्याच्या इथे असण्याने अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाला गंभीर बाधा येऊ शकते असं परराष्ट्रमंत्र्याला वाजवी कारणांनी वाटलं, तर ती व्यक्ती हद्दपारीला पात्र. मंत्री मार्को रुबियो यांचं दोन पानी टिपण हाच पुरावा. लुइझियानातल्या इमिग्रेशन न्यायाधीशाने एप्रिलमध्ये तेवढ्यावर ‘पात्र’ असा निकाल दिला. न्यू जर्सीच्या फेडरल न्यायाधीशांना हे कलम त्याच्या बाबतीत घटनेत बसत नाही असं वाटलं आणि त्यांनी त्याचा वापर रोखला. मग सरकारने काय केलं? मार्चमध्येच जोडून ठेवलेलं दुसरं कारण पुढे केलं: ग्रीन कार्डाच्या अर्जात काही माहिती लपवली. त्याच कारणावर त्याला आत ठेवलं. मोठा आरोप टिकला नाही की छोटा पुढे केला जातो, आणि छोटा आरोप बहुतेकांच्या जुन्या फॉर्ममध्ये कुठेतरी पडलेला असतो.

म्हणून मुलीने वकिलाबरोबर बसून जुने सगळे अर्ज एकदा वाचावेत. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांची समाजमाध्यमांवरची खाती विचारतात, ती सगळी लिहिली होती का? पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत कॉलेजला कळवला का? उन्हाळ्यात कोणाच्या दुकानात ‘मदत’ केली आणि पैसे घेतले, असं काही आहे का? कोलंबियातली भारतीय पीएच.डी. विद्यार्थिनी रंजनी श्रीनिवासन हिचा व्हिसा ५ मार्च २०२५ ला रद्द झाला. २०२४ मध्ये कॅम्पसजवळच्या गर्दीत तिला दोन समन्स मिळाले होते आणि ते पुढे रद्दही झाले होते. ते नूतनीकरणाच्या वेळी सांगितले नाहीत, असं सरकारचं म्हणणं. ती स्वतःच कॅनडाला निघून गेली. तिचं चुकलं की बरोबर, हे मी इथे बसून ठरवणार नाही. पण ‘केस रद्द झाली म्हणजे नव्हतीच’ हा आपला भारतीय हिशेब इथल्या फॉर्ममध्ये चालत नाही. तुमच्या मुलीला समन्स नाही, ही तिची खरोखर मोठी जमेची बाजू आहे, ती तशीच राहू द्या.

घाईने देश सोडण्याबद्दलही सांगायला हवं. २०२५ च्या वसंतात सरकारने तेरा लाख परदेशी विद्यार्थ्यांची नावं गुन्ह्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि हजारोंची सेव्हिस नोंद एका फटक्यात बंद केली. कोणाचा वेगाचा दंड, कोणाची सोडून दिलेली किरकोळ तक्रार. निदर्शनांशी त्यातल्या बहुतेकांचा काहीच संबंध नव्हता. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी कोल्हापूरहून परतीचं तिकीट काढून पाठवलं होतं. मी म्हटलं, पंधरा दिवस थांबा. देशभर न्यायालयांत दावे पडले, न्यायाधीशांनी स्थगिती दिली आणि २५ एप्रिलला सरकारने नोंदी पूर्ववत करत असल्याचं न्यायालयात सांगितलं. जे घाबरून विमानात बसले होते त्यांना परत यायला नवी मुलाखत, नवी रांग. काही प्रकरणांत निघून जाणंच शहाणपणाचं असतं, नाही असं नाही. पण तो निर्णय वकिलाशी बोलून व्हावा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मावशीशी बोलून नव्हे.

पोस्ट काढून टाकायच्या का? माझं मत: घाबरून नाही. एक तर उपयोग नाही. जुलै २०२५ मध्ये बॉस्टनला झालेल्या खटल्यात सरकारी अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की त्यांनी ज्या सुमारे पाच हजार नावांची छाननी केली, त्यातली बहुतेक ‘कॅनरी मिशन’ या, इस्रायलविरोधी ठरवून लोकांची नावं छापणाऱ्या खाजगी संकेतस्थळावरून आली होती. तिथे स्क्रीनशॉट आधीच साठवलेले असतात. दुसरं, एखाद्या अर्जाची चौकशी चालू असताना खातं अचानक कोरं झालं की तेच संशयाचं कारण होतं. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी खाती सार्वजनिक करायला सांगतात. सार्वजनिक ठिकाणी घराचा पत्ता, रोजचा रस्ता, लॅबची वेळ दिसत असेल तर ते जरूर काढावं. विद्यापीठाच्या डिरेक्टरीतून पत्ता आणि फोन काढून घेण्याचा हक्कही तिला आहे, एक अर्ज लागतो.

‘तिला गप्प बस म्हणू का’ असं तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण ओळींमधून ते दिसतंय. कायदा काय म्हणतो ते सांगते. अमेरिकेत कायदेशीर राहणाऱ्या परकीय नागरिकाला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्ये हॅरी ब्रिजेस या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या कामगार नेत्याच्या प्रकरणात म्हटलं. १९५२ मध्ये त्याच न्यायालयाने कम्युनिस्ट पक्षात असलेल्यांची हद्दपारी मात्र चालू दिली. दोन्ही निकाल आजही दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीने वाचून दाखवतात. ३० सप्टेंबर २०२५ ला बॉस्टनचे न्यायाधीश विल्यम यंग यांनी प्राध्यापकांच्या संघटनेच्या दाव्यात सांगितलं की निदर्शकांना असं धरणं घटनाबाह्य आहे. आणि १५ जानेवारी २०२६ ला फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने खलीलच्या प्रकरणात २ विरुद्ध १ असं ठरवलं की न्यू जर्सीच्या न्यायाधीशांना त्यात हात घालायचा अधिकारच नव्हता, आधी इमिग्रेशन न्यायालयाची पूर्ण वाट चालून या. म्हणजे वारा एका दिशेचा नाही. तुमची मुलगी मॅसॅच्युसेट्‌समध्ये, म्हणजे पहिल्या सर्किटमध्ये आहे. तो फिलाडेल्फियाचा निकाल तिच्यावर बंधनकारक नाही. पण ती नोकरीसाठी माझ्या न्यू जर्सीत आली तर आहे. राज्य बदललं की कायद्याचं हवामान बदलतं, हे तिला सांगून ठेवा.

बोलायचं की नाही हे ती ठरवेल. मी अशिलांना एवढंच सांगते की सभेला बसणं, लेख लिहिणं एकीकडे, आणि बंद इमारतीत शिरणं, पोलिसांनी हटा म्हटल्यावर न हटणं दुसरीकडे. दुसऱ्या प्रकारात अटक होते, बोटांचे ठसे घेतले जातात, आणि ते ठसे आपोआप इमिग्रेशनकडे पोचतात. नागरिक मित्रांना जे दोनशे डॉलरच्या दंडात मिटतं ते तिला तेवढ्यात मिटणार नाही, हे तिच्या मित्रांनाही कळायला हवं.

जाता जाता: हे आजचं नाही. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लाला हरदयाळांना इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनीच धरलं होतं, अराजकवादी ठरवून हद्दपार करायला. स्टॅनफर्डला शिकवलेला माणूस. जामिनावर सुटले आणि स्वित्झर्लंडला गेले. त्यांच्या गदर या इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते, दोघेही तिकडे शिकायला गेलेले. तेव्हा ‘आपल्यातलं कोणी असल्या भानगडीत पडत नाही’ हे तुमच्या भावजींचं म्हणणं तितकंसं खरं नाही.

आता तुम्ही नाशिकहून काय करायचं. तिच्या पासपोर्टची, आय-२० ची (कॉलेजने दिलेला प्रवेशाचा कागद), आय-९४ ची (देशात आल्याची नोंद), जन्मदाखल्याची स्कॅन प्रत तुमच्याकडे आणि त्या ठरलेल्या माणसाकडे ठेवा. औषधांची यादी डॉक्टरच्या सहीने ठेवा. ओझतुर्कला दमा होता आणि कोठडीत झटके आले. आईसच्या संकेतस्थळावर कोठडीतला माणूस शोधता येतो, पण नाव अगदी जसं त्यांच्याकडे आहे तसंच लागतं, आणि इथे मराठी नावांचा घोळ होतो. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात मुलीचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं जोडून असतात. कुठे ती एकत्र नोंदली जातात, कुठे वडिलांचं गळतं. दोन्ही प्रकारे शोधा, जन्मदेश भारत टाका. तिला ओपीटीचं, म्हणजे शिक्षणाला जोडून नोकरी करण्याच्या परवान्याचं, कार्ड मिळालं असेल तर त्यावर नऊ आकडी ए-नंबर असतो. तो असेल तर शोध एका मिनिटात लागतो.

भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवलं जाईल असं धरून चालू नका. काही देशांच्या बाबतीत अमेरिकेला आपणहून कळवावंच लागतं, भारत त्या यादीत नाही. मुलीने मागणी केली तरच. म्हणून ‘माझ्या दूतावासाला कळवा’ हे वाक्यही सरावात घाला. ती लुइझियानात गेली तर ते राज्य ह्यूस्टनच्या कार्यालयाकडे येतं. तुमच्या बाजूने खासदारांमार्फत परराष्ट्र मंत्रालयाला पत्र जायला हरकत नाही. जॉर्जटाउनमधले भारतीय संशोधक बदर खान सुरी मार्च ते मे २०२५ असे जवळजवळ दोन महिने आत होते, आणि त्यांनाही बाहेर काढलं ते व्हर्जिनियाच्या न्यायालयाने. दूतावास भेट घेतो, तब्येत विचारतो, वकिलांची यादी देतो. खटला लढत नाही.

आणि पैसे. अशी बातमी पसरली की फोन येतात: ‘आईसमधून बोलतोय, जामीन तासात भरा.’ जामीन ही खरी गोष्ट आहे, कमीत कमी १,५०० डॉलर, बहुधा बराच जास्त. पण तो अमेरिकेत कायदेशीर राहणाऱ्या कोणीतरी अधिकृत मार्गाने भरायचा असतो. यूपीआयवर किंवा गिफ्ट कार्डवर मागणारा प्रत्येक जण चोर.

राहिलं लग्न. इथे माझं मत तुम्हाला आवडणार नाही. देशाच्या आत असलेल्या माणसाला जे संरक्षण आहे ते विमानतळाच्या खिडकीवर फार पातळ होतं. तिथे फोन तपासतात, परत पाठवतात, आणि न्यायालय गाठायला वेळच मिळत नाही. तिच्या व्हिसाची तारीख डिसेंबरच्या पलीकडे असेल, रद्द झाल्याची कुठलीही ईमेल नसेल (जंक फोल्डरही बघायला सांगा), आणि वकिलाने अर्ज वाचून काही खटकत नाही असं म्हटलं, तर मी ‘ये’ म्हणेन, परतीच्या दिवशी वकिलाला उड्डाणाची वेळ सांगून. व्हिसा संपलेला असेल तर तिला मुंबईत बीकेसीला नव्याने मुलाखतीला उभं राहावं लागेल, सार्वजनिक खात्यांसकट, आणि पीएच.डी. संपायला दोन वर्षं असताना तो डाव मी माझ्या मुलीला खेळू दिला नसता. तिकीट काढण्याआधी तिला पासपोर्टवरच्या व्हिसाच्या पानाचा फोटो पाठवायला सांगा आणि तारीख स्वतः वाचा. मुलं सांगताना चुकतात.